ताप उतरवायची गोळी

"मायोकार्डायटिस," डॉक्टर म्हणाले. म्हणजे हृदयाच्या स्नायूंना आलेली सूज. ठाण्याच्या हॉस्पिटलात टूडी एकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या पडद्यावर माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलीचं, जागृतीचं हृदय दिसत होतं. "हे पुरेसं आकुंचन पावत नाही. ताप असताना व्यायाम केला होता?"

जागृतीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो. मीच पाठवलं."

आम्ही शेलार गावचे. घरामागे कापड विणायचे आठ लूम आहेत, ते मी बघते. कारखान्याच्या दाराजवळ तापाच्या गोळ्यांचा डबा असतो. कारागिराला कणकण आली की गोळी घ्यायची आणि शिफ्ट पुरी करायची. घरातही तेच चाललं.

जागृती ट्रायथलॉन करते. आधी पोहणं, लगेच सायकल, लगेच धावणं. राज्याच्या निवडीला तीन आठवडे उरले असताना तिला व्हायरल ताप आला. चौथ्या दिवशी म्हणाली, "आई, पाय उचलत न्हाय." मी थर्मामीटर लावला. ताप नव्हता. कसा असणार? दोन तासांपूर्वी मीच गोळी दिली होती.

"ताप न्हाय ना? मग निघ."

सहा दिवस ती सरावाला गेली. सकाळी उठल्याबरोबर नाडी मोजायची तिला सवय होती. नाडी रोज वाढत होती. मला वाटलं, निवडीची धास्ती. पूर्ण्याच्या रस्त्याला नव्या गोदामांचे ट्रक वाढले होते म्हणून ती खारबावच्या रस्त्याने सायकल चालवायची. सातव्या दिवशी तिथेच छाती धरून बसली. एका रिक्षावाल्याने घरच्या फोनवर कळवलं.

ईसीजी बिघडलेला होता. ट्रोपोनिन वाढलेलं होतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे रक्तात वाढतं. चार दिवस आयसीयू. नर्सने तिचे बूट पिशवीत घालून दिले. ती पिशवी मी चार दिवस मांडीवर घेऊन बसले, घरी पाठवायचं सुचलंच नाही.

सोडताना डॉक्टर म्हणाले, "सहा महिने पोहणं, सायकल, धावणं बंद. बरं वाटेल तेव्हा जास्त सांभाळा."

तेच जड गेलं. महिन्याभरात ती ठणठणीत दिसू लागली. तिसऱ्या महिन्यात गच्चीचा जिना पळत चढताना मी तिला पकडलं. ओरडले.

"तूच म्हणालीस ना, ताप न्हाय तर निघ?"

दुसऱ्या दिवसापासून मी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसू लागले.

सहा महिन्यांनी पुन्हा एको झाली. सुधारणा आहे, पण पूर्ण नाही. आणखी तीन महिने विश्रांती. पुढची निवडही गेली.

ज्यांची मुलं खेळतात त्यांना एवढंच सांगते: गोळीने ताप उतरतो, आजार नाही. तापात सराव नको. सकाळची नाडी चढत असेल तर थांबा. छातीत दुखलं, दम लागला तर त्याच दिवशी ईसीजी काढा.

परवा आमचे सगळ्यांत जुने कारागीर हनीफभाई आले, डोळे लालबुंद. "भाभी, एक गोली दे दो. शिफ्ट निकाल लेता हूँ."

मी गोळी दिली आणि त्यांचा लूम बंद केला. "घर जाओ. दो दिन आना मत."

"माल कल जाना है, भाभी."

"नहीं जाएगा तो नहीं जाएगा."

दारातून जागृती म्हणाली, "चाचा, चुपचाप जाओ. नहीं तो ये आपके दरवाजे पे भी कुर्सी डाल के बैठेगी."

हनीफभाई गेले. त्या दिवशी सातच लूम चालले.