रिंगणातली हाडं

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. बायकोला न्हाई, देवाफुडं बी न्हाई. तुमाला सांगतो — कावून, ते मलाच कळंना.

पाटोद्याच्या माळावर मढ्यांचं रिंगण हाय. मोठाल्या धोंड्यांचा गोल, मधी दगडांचा ढीग, खाली कोण्या काळातली हाडं. हैदराबादहून साहेब आले, सरकारची पाटी लावली — दगडाला हात लावाल तर कैद. अन् राखणीला कोण? मी.

त्याच साली माझी कासी तापानं फणफणली. सात वर्षांची पोर, आठ दिस डोळा उघडंना. देवऋषी म्हणला, त्या मढ्यांना आग्नी न्हाई, पाणी न्हाई. तू राखण करतो म्हणून तुझ्याच घरात शिरलीत. काय करावं मी? भर दुपारी, माळावर चिटपाखरू नसताना, ढीग उपसला. हाडं पटक्यात बांधली अन् मांजरा नदीत सोडली. आपल्या माणसाची सोडावी तशी, हात जोडून.

कासी उठली. भाकर मागितली तिनं. इथवर मला कसलीच लाज न्हाई.

पण साहेब परत आले. ढीग उसकटलेला. जवळच सडकेची खडी फोडणारा यल्लप्पा वडार बायकोसंगं पाल टाकून ऱ्हायलेला. साहेबांची नजर त्याच्या घणाकडं गेली अन् — न्हाई, खरं सांगतो — नुसती नजरच गेलती. नाव मी घेतलं. "ह्यानंच उकरलं, सरकार." यल्लप्पा माझ्याकडं बघून एवढंच म्हणला, "दादा, खरं सांगा की." भ्यालतो का? लई. पण जीभ अडखळली न्हाई माझी.

त्याला बीडच्या कैदखान्यात नेलं. बाकीचे वडार काम संपवून फुडं गेले, त्याची बायको दुर्गव्वा पाल हलवंना. रोज इचारायची, "कवा सोडत्याल ओ?"

पावसाळ्यात शिपाई सांगून गेला — यल्लप्पा हगवणीनं मेला, त्याच्या बायकोला सांग. गेलो की सांगायला. ती त्याचं धोतर धुवून वाळू घालत व्हती. तोंड उघडलं अन् निघालं काय? "दसऱ्याला सोडत्याल."

ती हसली. तवापासून रोज कपाळभर कुंकू लावून सडकेकडं बघत बसायची. मी समोरून जायचो-यायचो. सांगितलं न्हाई.

दसरा झाला. "आता कवा?" म्हणली.

मी म्हणलो, "दिवाळीला."