जुहूवरचा झिरा

दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात विहीर खणली की पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. जाईबाईच्या गावात गोड पाण्याची विहीर एकच, आणि ती पाटलाच्या मळ्यात. छप्पन साली जाईबाईच्या वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला, घरातले जुने देव नदीत सोडले. विहिरीचा दोर मात्र ज्यांच्या हातात होता त्यांच्याच हातात राहिला. मग काय, पूर्णेच्या कोरड्या पात्रात झिरा उकरायचा, खड्ड्यात पाणी पाझरेपर्यंत बसून राहायचं आणि वाटी-वाटीनं घागर भरायची.

एका उन्हाळ्यात पाणी फार खोल गेलं. जाईबाईची लेक मैना झिऱ्यात उतरली आणि वरून वाळू ढासळली. जाईबाई काठावर डोक्यासाठी चुंबळ वळत होती. तिनं नखं तुटेस्तोवर वाळू उपसली, पण हाती लागलं ते लेकीचं मढं.

लेक तहानलेलीच गेली, हे तिच्या मनातून जाईना. कधी न सरणारं पाणी एकदा डोळ्यांनी पाहायचं आणि त्यातलं चरवीभर आणून मैना गेली त्या जागी ओतायचं, एवढाच ध्यास बाईनं घेतला.

मुलगा धर्मपाल अकोल्याला रेल्वेत खलाशी लागला. पास मिळाला तसा तो आईला आणि बायको पंचफुलाला घेऊन मुंबईला, जुहूच्या समुद्रावर गेला. मायनं पितळी चरवी कशाला घेतली, हे त्यानं विचारलंही नाही. शाळा शिकलेला गडी. समुद्र खारा असतो हे काय सांगायचं असतं?

जुहूला नुसती जत्रा भरलेली. घोड्यांवर पोरं, भेळेच्या गाड्या, कपडे बदलायला तट्ट्याच्या खोल्या. धिप्पाड तरुण छातीखाली फळी धरून लाटेबरोबर काठापर्यंत घसरत येत आणि लोक टाळ्या पिटत. जाईबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती गुडघाभर पाण्यात शिरली, चरवी बुडवली, घोट घेतला आणि थुंकली.

"धर्मा, हे तं आपल्याच विहिरीचं पानी हाये रे!"

धर्मपाल हसला. "माय, समुद्राचं पानी खारंच रायते. तुले मालूम नव्हतं?"

"मले कोनं सांगतलं?"

ती वळली, ओल्या वाळूत बसली आणि दोन्ही हातांनी झिरा उकरू लागली. नदीत असंच गोड पाणी लागायचं. भोवती पोरं किल्ले करत होती. म्हातारीही खेळते आहे असं वाटून लोक कौतुकानं पाहू लागले. खड्ड्यात पाणी आलं. तिनं ओंजळ तोंडाला लावली. तेही खारं. धर्मपालचं हसू तेव्हा कुठे मावळलं.

परतताना वाटेवर पाय धुवायचा नळ होता. पायांची वाळू धुऊन लोक पुढे जात होते, नळ तसाच वाहत होता.

"आत्याबाई, पाय धुवून घ्या," पंचफुला म्हणाली.

जाईबाईनं आधी ओंजळभर पाणी चाखलं. गोड होतं. ती कितीतरी वेळ त्या वाहत्या धारेकडे बघत राहिली. मग तिनं नळ बंद केला.

"चरवी नाई भरत, माय?" धर्मपालनं विचारलं.

"मैनीच्या जागेवर टाकाले आनली होती. पन हे नाई टाकत मी. तिले कळन ना, का ते वाळूत मेली तवा इथं लोक यानं पाय धूत होते."

मागून आलेल्या कुणीतरी नळ पुन्हा सोडला. जाईबाई वाळूच्याच पायांनी रस्त्याला लागली.