खुर्ची आपटून बघणारे अण्णा

खुर्च्यांचा लॉट तयार झाला की बसाप्पाअण्णा मिस्त्री त्यातली एक उचलून आपटायचे. हळू नाही. दोन्ही हातांनी डोक्यावर घेऊन थेट फरशीवर. समोरच्या चहावाल्याचं कुत्रं शेपूट घालून पळायचं. सांधा उघडला, तर कुऱ्हाड घेऊन उरलेल्या सगळ्या खुर्च्या फोडायचे. "बसल्यावर मानूस पडन्यापरास आत्ताच मोडल्याली बरी की," म्हणायचे.

शिरोलीच्या रस्त्याला त्यांच्या शेडमध्ये मी बरीच वर्षं काढली. माणूस भयंकर तापट. हातात असेल ते भिरकावायचे. माझ्या कपाळावर त्यांच्या मोगरीची खूण आहे, आणि टाके घालताना माझा हात धरून रडलेही तेच. फार चिडले की मला नावाने न बोलावता 'पावणं' म्हणायचे. म्हणजे मी परका, उद्यापासून येऊ नये. दुसऱ्या दिवशी गेलो नाही, की स्वतःच घरी येऊन दार बडवायचे.

त्यांच्या शेडमध्ये खाच पटाशीनेच पाडायची आणि तिच्यात बसणारं कुसू करवतीनेच काढायचं. मी खाचा पाडायच्या राऊटर मशीनसाठी जिग, म्हणजे साचा, बनवला. लाकूड साच्यात अडकवायचं, मशीन फिरवायचं, एकसारख्या खाचा धडाधड. अण्णा लांबूनच बघत होते. "हातानं चुकलं तर एक चुकतंय. ह्यो सैतान चुकला तर समदं चुकनार," म्हणाले.

आणि चुकलाच की हो. मशीनच्या हादऱ्याने साच्यातला लाकूड अडवणारा अडसर केसभर सरकला, कुणाच्या लक्षात आलं नाही. जयसिंगपूरच्या कार्यालयासाठी केलेल्या खुर्च्या होत्या. अण्णांनी पहिली आपटली, तिचे पाय चार दिशांना गेले. मग कुऱ्हाड. ढलप्या उडत होत्या, त्यांच्या हातातून रक्त गळत होतं, तरी थांबेनात. शेवटी कुऱ्हाड जिगवर उगारली, पण मारली नाही.

"पुढच्या टायमाला मोडली, तर ह्यो चुलीत आन् तुमी तुमच्या घरात, पावणं."

या खेपेला दार वाजलं नाही. मीच गेलो. अडसर बोल्टने पक्का केला, प्रत्येक खाच मोजून घेतली. नवा लॉट झाला, पहिली खुर्ची अण्णांनी आपटावी म्हणून शेडच्या मध्यभागी ठेवली. त्याच सकाळी, ओलं लाकूड पाठवलं म्हणून वखारवाल्याची गचांडी धरलेली असतानाच ते कोसळले. छातीत कळ आली आणि खेळ आटोपला.

अण्णा लिंगायत. त्यांच्यात मयताला बसवून नेतात. अक्का, म्हणजे अण्णांची बायको, म्हणाल्या की शेडमधली नवी खुर्ची आणा, तिलाच बांबू बांधा. मी आणली. अंगणात माणसं जमलेली, अण्णांना भिंतीशी टेकवून बसवलेलं, कपाळभर विभूती. वाटेत सांधा सुटला तर? त्यांना विचारायची सोय राहिली नव्हती. मी खुर्ची डोक्यावर उचलली आणि फरशीवर हाणली.

बायकांचं रडणं थांबलं. अण्णांचा पुतण्या धावून आला, त्याने माझ्या थोबाडीत दिली आणि गळा धरला. खुर्चीच्या पाठीचा टवका उडाला होता. सांधा एकही उघडला नव्हता.

अक्का पदराने डोळे पुसत पुढे आल्या. वाकून त्यांनी खुर्चीचे पाय हलवून बघितले आणि पुतण्याला मला सोडायला सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या.

"जोरात आपट की. असलं हळू त्येंनी चालवून घेतलं असतं व्हय?"