भांडण ऐकू येईल असा स्पीकर

आईला ऐकू कमी येतंय हे मला आधी कळलं ते नागपूरच्या मावशीकडून. एका दुपारी ऑफिसात तिचा फोन आला. "अगं, ताईला बरं नाही का? हल्ली ती माझ्याशी भांडतच नाही नं!"

आमच्याकडे हे गंभीर लक्षण. या दोघी बहिणी रोज दुपारची जेवणं उरकली की फोनवर भांडायच्या. आई लग्न होऊन भोपाळला आली, मावशी नागपुरातच राहिली, आणि भांडणाच्या नादात दोघींना हे अंतर कधी जाणवलंच नाही. सांबारवडीत, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वडीत, चारोळी घालायची की नाही यावर तर वर्षानुवर्षं वाद चालू होता. आणि आता आई म्हणे कशालाही "हो गं, हो गं" म्हणते आणि फोन ठेवून देते. "मी मुद्दाम खोडी काढली, तरी हो गं! मला बाई रडूच आलं," मावशी म्हणाली.

आई राहते आमच्याकडेच. घरी येऊन तिला विचारलं तर ती फणकारली. "माझे कान ठणठणीत आहेत. तिचा फोन बिघडलाय." ओढूनताणून डॉक्टरांकडे नेलं, कानातलं यंत्र आणलं. ते तिनं दोन दिवसांत कपाटात ठेवून दिलं. घातलं की कानात झुरळ शिरल्यासारखं होतं म्हणे. मी ओरडले, ती त्याहून जोरात ओरडली. माझा तापटपणा कुठून आला हे सांगायला नको.

मला सोल्डरिंगचा जुना नाद आहे. नेहरू नगरातल्या आमच्या घराला नवरा 'रिपेअरिंग सेंटर' म्हणतो, म्हणू दे. मी ठरवलं, आईच्या खुर्चीशेजारी एक स्पीकर बनवून ठेवायचा आणि मावशीचा फोन त्याला जोडून द्यायचा. प्लायवूडचा डबा काय, कोणीही ठोकेल. खरा प्रश्न होता आत ड्रायव्हर कुठला बसवायचा, म्हणजे प्रत्यक्ष आवाज काढणारा तो गोल भाग. म्हटलं, आईचं काम होईल आणि आपली गाणी ऐकायची हौसही भागेल.

जुन्या शहरातल्या दुकानदारानं भलंमोठं चुंबक असलेला, ढोलासारख्या जाड आवाजाचा वूफर पुढे सरकवला. "मॅडम, ये लगाइए, दीवारें हिल जाएँगी!" भिंती हलवून मला काय करायचंय? तरी घेतला, मोह आवरला नाही. त्याच्या जोडीला बारीक आवाजांसाठी रेशमी पडद्याचा ट्वीटर घेतला. शिवाय बांबूच्या तंतूंचा एक देखणा ड्रायव्हर घेतला, ज्याच्यावर इंटरनेटवरचे हौशी लोक जीव टाकतात. आणि तुलनेला असावा म्हणून एक साधा कागदी शंकूचा, मधोमध आणखी एक छोटा शंकू असलेला. जुन्या टीव्हीत असायचे तसा.

रविवारी दुपारी फळीला भोकं पाडून सगळे बसवले. मावशीला आधीच सांगून ठेवलं होतं, आईला राग येईल असं काहीतरी बोल. "ते मला शिकवू नकोस," ती म्हणाली.

आधी वूफर आणि ट्वीटरची जोडी लावली. मावशीच्या आवाजानं खोली भरून गेली. आई मटार सोलत बसली होती. "केवढा हा आवाज! पण ही पिंपात बसून बोलतेय का?" मग बांबूवाला. अहाहा, काय मऊ आवाज! आई म्हणाली, "गोड आहे. पण म्हणतेय काय ती?" आणि पलीकडे मावशीला उगाच, "हो गं."

"अगं आई, किती स्वच्छ ऐकू येतंय!" मी वैतागले.

"तुझ्या कानांना येत असेल," आई म्हणाली आणि पुन्हा मटाराकडे वळली.

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. निवड चालली होती माझ्या कानांनी, आणि ऐकायचं होतं तिला.

शेवटी नाइलाजानं तो कागदी लावला. घुमारा औषधालाही नाही. सगळा जोर बारीक उच्चारांवर, 'स' आणि 'च' तर टाचणीसारखे टोचत होते. नवऱ्यानं आतून दार लावून घेतलं. मीही बंदच करणार होते, तेवढ्यात मावशी म्हणाली, "आपल्या आईला वडी माझ्याच हातची आवडायची. ताई, तुझी कच्ची राहायची."

आईचा हात शेंगेवर थांबला.

"काय म्हणालीस? परत म्हण."

मग मावशीनं भीतभीत तेच परत म्हटलं.

"कच्ची? माझी? अगं, तुझी तर कढईत फुटायची! आख्ख्या तेलात कोथिंबीर! आई पोटात माया म्हणून खायची, आवडायची म्हणून नाही!"

"ताई, ऐकू आलं गं तुला!" मावशी रडत होती की हसत होती, कळेना.

"ऐकू यायला काय झालं? मी काय बहिरी आहे?" आई कडाडली. "आणि विषय बदलू नकोस!"

मग चारोळी निघाली, कोणाच्या तरी लग्नातला मानपान निघाला. चहाची वेळ टळून गेली. आईच्या कानांतून निसटणारी अक्षरंच उचलून देणारा तो कर्कश आवाज ऐकत मी तिथेच बसले होते आणि मला इतका आनंद झाला होता की डोळे पुसत राहिले.

फोन ठेवला तेव्हा आईचे गाल लाल झाले होते. मांडीवरचे मटार जमिनीवर सांडले होते, तिकडे तिचं लक्षही नव्हतं.

"ते डब्याचं काम आजच संपव," ती म्हणाली. "माझं अर्धंच बोलून झालंय. उद्या तिला सोडत नाही मी."