थांबा डॉक्टर

शेवगावात आमच्या सरांना नावाने फारसं कोणी ओळखत नसे. सगळे ‘थांबा डॉक्टर’ म्हणत. होमिओपॅथीच्या गोळ्यांची एकच पुडी द्यायची आणि मग वाट बघायची, ही त्यांची रीत. बाजाराच्या दिवशी एखादी बाई दारातूनच ओरडायची, “डॉक्टर, आजून लई खाजतंय. दुसरी पुडी द्या की!” सर तळहात वर करायचे. “थांबा. औषध बोलतंय, त्याच्या मधे बोलू नका.” बाई पुटपुटत जायची, पण पुन्हा यायची त्यांच्याकडेच.

मी आणि नितीन दोघंही त्यांच्या हाताखाली शिकलो. “पेशंटचं बोलणं त्याच्याच शब्दांत लिहा. तुम्हाला काय वाटलं ते घरी जाऊन सांगा,” असं ते बजावायचे. नितीनवर त्यांचा विशेष जीव. रविवारी तो सरांच्या घरी काकूंच्या हातचं जेवायला असायचाच.

पुढे नितीन मुंबईला जाऊन नवी पद्धत शिकून आला आणि नगरला वर्ग घेऊ लागला. पेशंटच्या शब्दांपेक्षा दुखणं सांगताना त्याचा हात कसा हलतो ते बघा, मूळ तिथे सापडतं, असं तो शिकवायचा. तरुण डॉक्टर गर्दी करायचे. एकदा सर पहिल्या रांगेत बसून सगळं ऐकत होते. शेवटी उठले आणि भर सभेत म्हणाले, “नितीन, माणूस डास मारतानाही हात हलवतो. लोक आपल्याला साखरेच्या गोळ्यावाले म्हणतातच, आता ज्योतिषीही म्हणतील.” सभागृह हसलं. नितीनने कागद आवरले. त्यानंतर तो शेवगावला फिरकला नाही.

मग मोबाईलवरच्या आमच्या डॉक्टरांच्या ग्रुपवर जुंपली. जुने नव्यांना भोंदू म्हणत, नवे जुन्यांना कालबाह्य. सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच ते वाचून मला शीण यायचा. दोन्हीकडचे लोक सरांच्या मागे लागले, पण त्यांनी पुढे एक अक्षर लिहिलं नाही.

“सर, निदान नितीनला फोन करा,” मी म्हटलं. “चार लोकांत बोललात त्याला.”

“एक डोस दिलाय. आता थांबायचं.”

“माणूस म्हणजे काय खरूज आहे का, सर?”

ते हसले. काकू आतून म्हणाल्या, “गावाला थांबा सांगतात आणि स्वतः दर रविवारी फाटकाशी उभे!” सरांनी चष्मा पुसायला घेतला. अशी तीन वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात सरांना अर्धांगाचा झटका आला. नगरच्या हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा वाचा गेली होती, उजवी बाजूही. डावा हात मात्र सारखा हलायचा. काकू दमून गेल्या होत्या. “पाणी देऊन झालं, चादर बदलून झाली. काय हवंय तेच कळत नाही गं.” मलाही कळेना. शेवटी मीच नितीनला फोन केला.

तो दुपारपर्यंत आला आणि पलंगाशी बसला. सवयीने त्याची नजर सरांच्या हातावर गेली. हात पुढे जायचा, बोटं मिटायची, हात छातीशी यायचा. पुन्हा तेच.

“काकू,” नितीन म्हणाला, “यांना काही नकोय. हे कुणाला तरी ‘ये’ म्हणतायत.”

“कुणाला म्हणजे?” काकू म्हणाल्या. “तुलाच की रे!”

नितीनने तो हात धरला, तेव्हा कुठे तो थांबला.

पुढच्याच आठवड्यात सर गेले. ग्रुपवर सकाळी श्रद्धांजल्या आल्या आणि संध्याकाळी, सरांनी शेवटी नवी पद्धत मान्य केली होती की नाही, यावरून पुन्हा भांडण. मी ग्रुप सोडला. आता कुणाची बाजू घ्यायचं त्राण नाही. राग येतो तो फक्त सरांचा. त्या हाताने ‘ये, ये’ म्हणत एकच डोस पुन्हा पुन्हा देत होते ते, आयुष्यात पहिल्यांदा. वाचा होती, तेव्हा मात्र थांबले.