बिननावाचे आवाज

शनिवारी सकाळी थोरलीच्या सर्व्हरमध्ये, म्हणजे फाइली साठवायच्या तिच्या संगणकात, एक डिस्क दिसेना. डिस्क जागेवरच होती, चारही स्क्रू घट्ट होते, पण पडद्यावरच्या यादीत ती नव्हती.

"केबल सैल असेल," हे म्हणाले. पंखा फिरेना, मिक्सर चालेना किंवा मी बोलेनाशी झाले, तरी ह्यांचं निदान एकच असतं.

या वेळी मात्र ते खरं निघालं. थोरलीने केबल बदलली आणि डिस्क यादीत आली. आली ती कोरी. तिने खोक्यात हात घालून डिस्कवरच्या चिठ्ठीचा आकडा वाचला, पडद्यावरचा वाचला, मग पुन्हा चिठ्ठीवरचा. आणि जमिनीवरच बसली.

"आई, ही नवी आहे."

"मग बरंच की. नवी कोरीच असणार."

"अगं, मग काल मी पुसली ती जुनी."

माझी थोरली वाचा-उपचारतज्ज्ञ आहे, एका मोठ्या रुग्णालयात. घशाचा कर्करोग झालेल्या काहींची स्वरयंत्रं काढावी लागतात, आणि त्यानंतर माणूस जिवंत राहतो पण त्याचा आवाज जातो. शस्त्रक्रियेआधी थोरली त्यांना आमच्या घरी बोलावते. रुग्णालयात शांत खोली नाही, म्हणून आमचं कपड्यांचं मोठं कपाट तिने रिकामं केलं, आतून रजया ठोकल्या, एक स्टूल ठेवलं. त्यात बसून माणसं रोजची वाक्यं बोलतात. मला पाणी हवंय. दिवा बंद करा. इथे दुखतंय. मग घरच्यांसाठी हवं ते. पुढे टॅबलेटसारख्या एका पाटीवर चित्र दाबलं की ते वाक्य त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. या कामाचे तिला कुणी वेगळे पैसे देत नाही. मी कधी बोलले तर म्हणते, "आई, कपाटाचं भाडं लावायचं का?" लहानपणी ही पोर अडखळत बोलायची. वर्गात हसतात म्हणून वर्षभर शाळेत तोंडच उघडलं नव्हतं. हे कारण मी मनाशी धरून आहे. ती स्वतः कधी तसं म्हणालेली नाही.

सगळ्यांचे आवाज त्या एका डिस्कवर होते. ती आधी बाहेरच्या डबीत असायची आणि फार तापायची, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी थोरलीने तिला डबीतून काढून सर्व्हरच्या खोक्यात बसवलं. शेजारी नवी डिस्क बसवली, प्रत ठेवण्यासाठी. दोहोंपैकी एकच दिसली आणि ती रिकामी. यंत्राने विचारलं, पुसून तयार करू? दिवसभराच्या कामाने शिणलेल्या माझ्या लेकीने ती नवी समजून हो म्हटलं.

धाकटा दुसऱ्या शहरात संगणकाचंच काम करतो. त्याला फोन लावला.

"ताई, आता बोटसुद्धा लावू नकोस तिला. काही लिहायचं नाही त्यावर."

"पण आधीच रिकामी का दिसली ती? मी काही वेडी नाही रे."

"डबीमुळे. डिस्क म्हणजे पुस्तक समज. डबी आठआठ पानांचा गठ्ठा धरून मोजायची, तुझं यंत्र सुटी पानं मोजतं. अनुक्रमणिकेत दहा लिहिलंय ते दहावा गठ्ठा की दहावं पान, त्याला कळेना, म्हणून ते म्हणालं पुस्तकच कोरं आहे. डबीत परत घातली असतीस तर सगळं दिसलं असतं."

"आता घातली तर?"

"आता अनुक्रमणिकाच गेली ना, ताई. दुसरी प्रत कुठे आहे?"

"तीच करायला बसले होते."

"वा! शहाणे."

"अरे, तिला बोलू नकोस," मी मागून ओरडले. एरवी थोरलीने त्याला चांगलं सुनावलं असतं. तिने नुसता फोन माझ्या हातात दिला.

तिच्या डोळ्यांसमोर एकच माणूस होता. घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारणारे एक काका. थोरली त्यांना पुकारेकाका म्हणते. शस्त्रक्रिया होऊन गेली होती. मंगळवारी ते आणि काकू पाटी न्यायला येणार होते. बाकीच्यांच्या पाट्या निदान भरून दिलेल्या होत्या. काकांची एकच प्रत होती, आणि ती वाक्यं पुन्हा बोलायला आता जगात कुणी नव्हतं.

"पाटी बिघडली म्हण," मी सुचवलं. "आठवडाभर मिळेल."

"आणि आठवड्यानंतर?"

धाकट्याने एक पद्धत सांगितली. डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची आणि आवाजासारखं जे जे सापडेल ते नव्या डिस्कवर काढत जायचं. रविवारी दिवसभर ते चाललं. थोरली जेवली नाही. मी ताट नेलं, तर "ठेव" म्हणाली, परत आणायला गेले, तर "कधी ठेवलंस?"

फाइली निघाल्या. हजारोंनी निघाल्या, पण एकीलाही नाव नव्हतं, तारीख नव्हती, नुसते आकडे. कितीतरी मधेच तुटलेल्या होत्या. कुठला आवाज कुणाचा, हे ऐकल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता.

सोमवारी तिने रजा घेतली. आम्ही तिघं तीन कोपऱ्यांत कानात इयरफोन घालून बसलो. बायका, पुरुष, कुणी म्हातारं, कुणी अगदी कोवळं. मला पाणी हवंय. मला पाणी हवंय. एक बाई वाक्य संपलं की "बरं आलं का?" विचारायची. मला वाटे उठावं आणि पेला भरून आणावा. ह्यांनी मधेच इयरफोन काढला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. केबलचं नाव काढलं नाही.

संध्याकाळपर्यंत काकांची म्हणून दोनच वाक्यं मिळाली. नको. आणि, इथे दुखतंय.

"एवढंच देऊ त्यांना?" थोरली म्हणाली. "आयुष्यभर नको आणि दुखतंय म्हणत राहतील." ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मंगळवारी दोघं आली. काकांच्या गळ्याला पांढरा रुमाल होता. थोरलीने सबबी सांगितल्या नाहीत. पाणीही द्यायच्या आधी, उभ्याउभ्याच, सगळं सांगितलं. "चूक माझी आहे, काका."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा आखडला, तोंड उघडलं, ओठ जोरात हलले. रागावले होते. मोठ्याने रागावले होते, आणि आम्हाला काही ऐकू आलं नाही. मी लेकीचा हात घट्ट धरला.

काकूंनी पिशवी खाली ठेवली. "कुठे आहेत त्या फाइली?"

"काकू, खूप आहेत."

"घरी जाऊन तरी काय ऐकणार आहे मी?"

त्या बसल्या. थोरलीने फाइली मोठ्याने लावल्या. आम्ही एकेक फाइल पुरती ऐकत होतो. काकू मात्र सुरुवात झाली की मान हलवायच्या, पुढची. काका दाराशीच उभे होते, पाठ करून. बराच वेळ गेला. मग एका फाइलीत अजून शब्दही आला नव्हता, नुसता श्वास घेतल्याचा आणि स्टूल करकरल्याचा आवाज, तेवढ्यात काकूंनी थोरलीचं मनगट पकडलं.

"हेच. बोलायच्या आधी असाच दम भरतात. बाजारात लांबून कळायचं मला."

आवाज आला. खणखणीत, कपाटात मावेल त्याहून मोठा: "अगं ए, जेवलीस का?"

काका वळले. काकू त्यांच्याकडे बघत मोठ्याने म्हणाल्या, "नाही अजून." मग डोळे पुसून थोरलीला म्हणाल्या, "ही वेगळी ठेव. नाव घाल तिला आधी. आणि पुढची लाव."

काकांनी स्टूल ओढून घेतलं आणि खुणेने स्वतःसाठी एक इयरफोन मागितला. अजून ढीगभर फाइली ऐकायच्या राहिल्या आहेत. उद्या दोघं पुन्हा येणार आहेत.