उपरण्याखालचा भाव

वऱ्हाड मध्यप्रांताबरोबर होता तेव्हाची गोष्ट. माझं लग्न नवं होतं आणि संशय घेण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. नवऱ्यावर नजर ठेवायला मी कापसाच्या गाडीवर बसून मलकापूरच्या बाजारात गेले.

तिथे भाव तोंडाने ठरत नसे. व्यापारी उपरणं टाकायचा आणि त्याखाली शेतकऱ्याची बोटं दाबून भाव सांगायचा, बाकीच्यांना कळू नये म्हणून. आमचा सौदा झाला. पण माल उतरवताना शेठ भाव कमी सांगू लागला. ह्यांनी नकार दिला, तेव्हा तो भर बाजारात म्हणाला, "वजनासाठी पानी मारलेला कापूस हाय याचा." मग दुसरं कोणी गाडीजवळ फिरकेना. वर्षाचा कापूस आणि ह्यांचं नाव, दोन्ही तिथेच बुडायची वेळ आली.

मी कोपरापर्यंत हात घालून पाहिलं. कापूस कोरडा. तरी ह्या शहाणीचा पहिला संशय नवऱ्यावर, की ह्यांना बोटंच कळली नसतील. दुसरा घरी गाडी भरून देणाऱ्या दिरावर, की त्याने पाणी शिंपडलं असेल. बैल तेवढे सुटले.

तिथल्याच एका वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, सौद्याचा नाद सोडा. मी पदराआडून ह्यांना म्हटलं, "ह्याले शेठनंच बसवलं असन इथं."

वकिलाने ऐकलं. हसला नाही, रागावलाही नाही. "बाई, उपरण्याखालचा भाव कोनं पायला? पन तो कापसाले ओला म्हनला, ते अर्ध्या बाजारानं ऐकलं. सौदा मोडला हे एक. खोटं बोलून माल अन् नाव बुडवलं, हे दुसरं. सौदा झालाच नसता तरी त्याले असं बोलता आलं नसतं. नुकसानीचा दावा त्याचाच करू."

नोटीस गेली. पुढच्या बाजारी आम्ही तोच कापूस पुन्हा नेला. शेठ स्वतः आला, मूठभर कापूस पिळून दाखवला आणि चार व्यापाऱ्यांदेखत म्हणाला, कोरडा आहे, माझी चूक झाली. प्रकरण तिथेच मिटलं. दुपारच्या आत दुसऱ्या शेठने सगळा कापूस घेतला, आणि चांगल्या भावाने.

रिकाम्या गाडीत मी ह्यांना विचारलं, "हा नवा शेठ इतका खुश काऊन होता?"

ह्यांनी बैल हाकले. "चाल घरी. कापूस इकला, आता तुले काय इकू?"

पुढच्या हंगामात त्याच नव्या शेठने आमचा कापूस न पाहता घेतला. मी मात्र गाडीवर होतेच.